कोळसा, कापूस आणि सागाची फळी

वरुड तालुक्यातलं शेंदूरजनाघाट बाहेरच्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे ते संत्र्याच्या कलमांसाठी. सातपुडा जिथे मैदानात उतरतो तिथे, मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून हे गाव आहे आणि त्याच्या शिवारात पन्हेऱ्याच पन्हेऱ्या आहेत. रोपवाटिकेला इथे पन्हेरीच म्हणतात. जंभेरीचं बी वाफ्यात पडतं, रोपं उपटून पुन्हा ओळीत लावली जातात आणि खोड पेन्सिलीएवढं झालं की थंडीच्या दिवसांत त्यावर संत्र्याचा डोळा भरतात. चाकूची एक आडवी चीर, एक उभी चीर, साल अलगद उचलून आत सरकवलेला डोळा आणि त्यावर प्लास्टिकच्या पट्टीचा वेढा. डोळा फुटला की वरचा जंभेरीचा शेंडा कापून टाकायचा. मुळं एका झाडाची, फळं दुसऱ्या झाडाची. दिवसभर वाकून किंवा उकिडवं बसून करायचं हे काम सरावलेल्या हातांचं आहे. पावसाळ्यात इथली कलमं ट्रकांत भरून विदर्भात, मध्य प्रदेशात, राजस्थानात जातात.

बाग लावली की फळ धरायला पाच-सहा वर्षं जातात. तोवर नुसता खर्च. पुढे आंबिया बहार किंवा मृग बहार, आणि व्यापाऱ्याशी उभ्या बागेचा सौदा. मधल्या काळात काय काय होतं, ते कुठलाही बागाईतदार न थांबता सांगेल. मुळं कुजतात, बुंध्यातून डिंक पाझरतो, पिकायच्या आधीच फळांचा सडा पडतो. वरुड-मोर्शीच्या या पट्ट्याला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणायची पद्धत पडली खरी, पण त्या कौतुकाखाली शेकडो फूट खोल जाऊन कोरडे निघालेले बोअर आहेत. बांगलादेश हे इथल्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक. त्या देशानं आयात शुल्क वाढवत नेलं, तसा इथला भाव घसरला. पाण्यावाचून वाळलेली बाग शेवटी कुऱ्हाडीखाली जाते आणि लाकूड जळणाच्या भावानं विकलं जातं. दोन-चार वर्षांनी जरा पाऊस बरा झाला की त्याच शेतात पुन्हा खड्डे खणले जातात आणि पुन्हा कलमं लागतात.

निसर्ग, हानी आणि पुन्हा उभं राहणं या तिन्ही गोष्टी ज्या प्रदेशात एकाच सातबाऱ्यावर सापडतात, तिथल्या दृश्यकलेनं त्यांचं काय केलं, हा या लेखाचा विषय आहे. शेंदूरजनाघाटला मध्यभागी ठेवून पश्चिमेला धारूळच्या डोंगरात आणि मेळघाटात, पूर्वेला पारडसिंग्यात आणि दूर आग्नेयेला चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात फिरलं, की उत्तराचे बरेच तुकडे हाती लागतात.

आधी एका चित्राचा हिशेब चुकता करायला हवा. वऱ्हाडावर चित्र काढा म्हटलं की बहुतेकांच्या कागदावर तेच उतरतं. भेगाळलेली जमीन, वाळलेलं झाड, आभाळाकडे डोळे लावलेला म्हातारा, आणि चित्रकाराला फारच जोर चढला तर फांदीला दोर. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं, त्याच्या मागेपुढे देशभरातले कॅमेरे इकडे आले. तेव्हापासून हे चित्र जणू प्रदेशाचं बोधचिन्ह झालं आहे. शालेय चित्रकला स्पर्धेपासून राजकीय फलकापर्यंत ते सगळीकडे आहे. त्यामागची कणव खोटी नाही. पण चित्र म्हणून ते आळशी आहे, आणि माहिती म्हणून तर सरळ चुकीचं.

इथली काळी माती दर उन्हाळ्यात भेगाळते. पाणी प्यायली की फुगणं आणि वाळली की आकसून फाटणं हा तिचा स्वभावच आहे. एप्रिलमध्ये वऱ्हाडातल्या चांगल्या, कसदार शेतालाही हात आत जाईल अशा भेगा असतात. त्या भेगांतून वरची मोकळी माती आत पडते आणि जमीन आपोआप खालीवर होते. संत्र्याच्या बागेचं तर याहून पुढचं. आंबिया बहार घ्यायचा तर डिसेंबर-जानेवारीत झाडाला ताण द्यावा लागतो. म्हणजे पाणी मुद्दाम तोडायचं, पानं मलूल होऊन पिवळसर पडेपर्यंत थांबायचं आणि मग पाणी सोडायचं. त्यानंतरच बाग फुलानं पांढरी होते. शहरातून आलेला चित्रकार ताणावरची बाग पाहील तर ती मेली असं समजून शोकचित्र काढील; बागेचा मालक मात्र त्या वेळी मनातल्या मनात फुलांचा अंदाज बांधत असतो. दुःख पाहायचं तर आधी शेती ठाऊक हवी, एवढा साधा नियम कलावंतांनाही लागू आहे. या भागातून जे थोडं पण खरं काम उभं राहिलं, ते हा नियम पाळणाऱ्यांचं आहे.

त्याची सुरुवात फार जुनी निघाली.

२७ जानेवारी २००७ रोजी अमरावतीचे डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्यासोबत सातपुड्यात भटकणारे निसर्गप्रेमी बैतूल जिल्ह्यातल्या धारूळ गावाजवळच्या डोंगरात, अंबादेवीच्या गुहामंदिराच्या परिसरात होते. तिथे खडकाच्या निवाऱ्यात त्यांना रंगवलेली चित्रं दिसली. पुढच्या काळात ही मंडळी पुन्हा पुन्हा तिथे जात राहिली आणि असे निवारे एकामागून एक सापडत गेले. अमरावती आणि बैतूल जिल्ह्यांच्या सीमेवर पूर्व-पश्चिम सुमारे ३५ किलोमीटर आणि दक्षिणोत्तर सुमारे १५ किलोमीटर एवढ्या टापूत ते पसरलेले आहेत. रंगानं काढलेली चित्रं आहेत, तशीच दगडावर कोरलेलीही आहेत. त्यांतली सर्वांत जुनी सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची असावीत असा अंदाज मांडला गेला आहे. बाकीची थेट ऐतिहासिक काळापर्यंत येतात.

वऱ्हाड म्हटलं की काळा दगड आणि काळी माती डोळ्यांपुढे येते. धारूळजवळच्या सालबर्डीच्या आसपास मात्र गाविलगडच्या भ्रंशानं भूगोल उलटापालटा केला आहे आणि काळ्या दगडाखालचे फार जुने थर वर आलेले आहेत. सालबर्डीच्याच लॅमेटा खडकांत डायनोसॉरचे अवशेष सापडले आहेत. धारूळच्या बाजूचा वालुकाश्म वाऱ्यापाण्यानं खालून कोरला जातो, वरचा भाग छपरासारखा पुढे राहतो, आणि त्या आडोशाच्या भिंतीवर गेरू शेकडो पिढ्या टिकतो. काळ्या दगडावर हे जमलं नसतं. चित्रकारानं जागा निवडली तेव्हा त्याला दगडाची जात कळत होती, असं म्हणायला हरकत नाही.

या चित्रांत प्राणी आहेत, पक्षी आहेत, माणसं आहेत. त्यांच्यामागची भावना काय होती हे कुणी छातीठोक सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पण एवढं दिसतं, की ज्यानं प्राणी काढला त्यानं तो फार जवळून आणि फार वेळा पाहिला होता. आणि हेही दिसतं, की ही चित्रं शोधली ती पक्षी आणि प्राणी पाहायला जंगलात जाणाऱ्या लोकांनी. डोळ्यांना रानाची सवय असलेल्यांनाच ती आधी दिसली, यात नवल नाही.

इथून पश्चिमेला गेलं की मेळघाट लागतो. धारणी आणि चिखलदरा हे अमरावती जिल्ह्यातले दोन तालुके, आणि त्यांत मुख्यतः कोरकू लोक. त्यांची भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही. संथाळी-मुंडारीच्या घराण्यातली आहे. कोरकूंमध्ये माणूस गेल्यावर लगेचचे विधी होतात ते होतात, पण खरा निरोप नंतर असतो. सिडोली नावाच्या या विधीला सोयरेधायरे जमवावे लागतात, जेवण घालावं लागतं, म्हणून तो घरची ऐपत जमेल तेव्हा होतो. त्या वेळी मृताच्या नावानं लाकडाची कोरीव फळी उभी केली जाते. तिला मुंडा म्हणतात. सागाच्या फळीवर वर सूर्य आणि चंद्र, खाली घोड्यावर बसलेला स्वार, कधी नाचणाऱ्यांची रांग. कोरीव काम उथळ आणि ठसठशीत, चेहऱ्यांना नाकडोळे नसल्यासारखेच. भोपाळच्या संग्रहालयांत अशा फळ्या मांडून ठेवल्या आहेत आणि तिथे त्यांच्याकडे शिल्प म्हणून पाहिलं जातं. गावच्या शिवारात, झाडाखाली, पावसात काळवंडत चाललेल्या मुंड्याकडे पाहताना संग्रहालयाचा शब्द थोडा अपुरा वाटतो.

ज्याच्या आयुष्यात घोडा कधी आला नाही, त्याच्याही फळीवर स्वार असतो. जिवंतपणी त्या माणसाकडे कुऱ्हाड होती, कोदो-कुटकीचं शेत होतं, बहुधा सावकाराचं देणं होतं. फळीवर यातलं काहीच येत नाही. कारागीर मृताच्या हालअपेष्टा कोरत नाही, त्याला घोड्यावर बसवून देतो. वर भेगाळलेल्या जमिनीच्या चित्राबद्दल जी तक्रार केली, तिचं उत्तर या फळीत आहे. गेलेल्या माणसाचा मान राखायचा हे तिथे पहिलं ठरलेलं असतं, चित्र त्यानंतर.

सागाचं लाकूड उन्हापावसात बराच काळ तग धरतं, तरी शेवटी वाळवी आणि ओल त्याला सोडत नाहीत. ते अपेक्षितच आहे. पण मेळघाटावर दुसरीही एक हानी आली. १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला; देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांतला हा एक. पुढे गाभ्यातली गावं उठवायला सुरुवात झाली. केलपाणी, धारगड, सोमठाणा, गुल्लरघाट अशी गावं डोंगरातून उतरून अकोला जिल्ह्याच्या अकोट भागात आली. घराचा मोबदला ठरवता येतो. पूर्वजांच्या जागेचा कसा ठरवायचा, हे कुठल्या शासन निर्णयात मावत नाही. उठून आलेल्यांपैकी काही जण मागे फिरून पुन्हा डोंगरात गेले, संघर्ष झाला, ते वर्तमानपत्रांत आलं. त्या बातम्यांत जमीन, पाणी आणि नोकरी यांचा उल्लेख होता. मागे राहिलेल्या देवस्थानांकडे आणि स्मशानांकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

शोक आणि त्याचं शिल्प यांच्यामध्ये वेळ जावा लागतो, हे कोरकूंच्या रीतीत आपोआप घडतं. युरोपात एका मोठ्या कलावतीला ते सोसून शिकावं लागलं. जर्मन चित्रकार केटे कोलविट्झ यांचा धाकटा मुलगा पेटर ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियममधल्या लढाईत मारला गेला. त्याच्यासाठी स्मारक करायचं त्यांनी लगेच मनात घेतलं. आराखडे झाले, मोडले, काम बाजूला पडलं, पुन्हा सुरू झालं. ‘शोकमग्न माता-पिता’ ही जोडशिल्पं बेल्जियमच्या दफनभूमीत उभी राहिली ती १९३२ मध्ये. मुलाचं शिल्प त्यात नाहीच. गुडघे टेकलेले दोघे म्हातारे आहेत, आणि त्यांचे चेहरे केटे आणि त्यांचे पती कार्ल यांच्यासारखे आहेत. अठरा वर्षांत मुलगा चित्रातून निघून गेला आणि मागे राहिलेली माणसं उरली.

आपल्याकडचे चित्रकार सोमनाथ होर यांचाही विचार इथे करावा. १९४३चा बंगालचा दुष्काळ त्यांनी तरुणपणी पाहिला आणि रेखाटला. १९७०च्या दशकात त्यांनी ‘वुंड्स’ नावाची मालिका केली, तीत ना माणूस आहे ना रंग. कागदाच्या पांढऱ्या लगद्यावर उठलेले ओरखडे आणि फाटलेली कातडी असावी तसे उंचवटे, एवढंच. दुष्काळ पाहून तीसेक वर्षं उलटल्यावर त्यांच्या कागदावर फक्त जखम राहिली होती.

आता चंद्रपूर. राजुऱ्याजवळचं सास्ती हे गाव कोळशावर बसलेलं आहे, आणि कोळशावर बसलेल्या गावाचं जे होतं तेच त्याचं झालं. चित्रकार प्रभाकर पाचपुते यांचा जन्म तिथला, १९८६चा. घरातल्या तीन पिढ्या खाणीशी बांधलेल्या. त्यांनी छत्तीसगडमधल्या खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात शिल्पकलेचं शिक्षण घेतलं, मग बडोद्याला पदव्युत्तर शिक्षण. २०१२ मध्ये मुंबईच्या क्लार्क हाउसमध्ये त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं, ‘कॅनरी इन अ कोलमाइन’ या नावानं. विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून पूर्वी खाणकामगार पिंजऱ्यात कॅनरी पक्षी घेऊन खाली उतरत, त्याचा तो संदर्भ.

पाचपुत्यांनी चित्र काढायला कोळसा घेतला, ही गोष्ट आता सगळेच सांगतात, आणि सांगताना ती जरा गोड करून सांगतात. त्यातली खरी धार अशी, की ते पुष्कळदा थेट भिंतीवर कोळशानं काढतात आणि प्रदर्शन संपल्यावर भिंत पुसली जाते. छपरापर्यंत गेलेली आकृती, तिच्या मागचा पोखरलेला डोंगर, सगळं चुन्याच्या एका हाताखाली जातं. खाण डोंगराचं जे करते, तेच दालन चित्राचं करतं. ते जतन व्हावं म्हणून चित्रकार हट्ट धरत नाही. त्यांच्या आकृत्यांनाही बहुतेक वेळा धड चेहरा नसतो. मानेवर डोक्याच्या जागी एखादं अवजार असतं, दिवा असतो, कधी घराचा तुकडा. माणूस जे काम करतो त्यानं त्याचं डोकं गिळलं आहे. हे पाहून हसू येतं, मग येत नाही. विनोदाची ही वऱ्हाडी-झाडीपट्टीची रग समीक्षकांच्या इंग्रजी टिपणांत सहसा उतरत नाही.

खाणीतून ते शेतकऱ्याकडे वळले, तेही स्वाभाविकच होतं; जमीन जाण्याआधी सास्तीसारख्या गावांत शेतीच होती. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला आलेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च, भाजून फुटलेल्या पायांची ती छायाचित्रं, आणि त्या आसपासची देशभरची आंदोलनं यांची छाया त्यांच्या कामावर पडली. त्याच वर्षीच्या कोची-मुझिरिस बिएनालेत त्यांनी ‘रेझिलिअंट बॉडीज इन द एरा ऑफ रेझिस्टन्स’ हे काम मांडलं. पुढे वेल्समधल्या कार्डिफला आर्टेस मुंडी या पुरस्कारासाठी त्यांची निवड झाली. वेल्स हाही कोळशाचा देश, खाणी बंद पडून उजाड झालेला. पाचपुत्यांनी तिथल्या खाणकामगारांच्या निशाणांचा आणि इकडच्या आंदोलनांचा धागा जोडला. २०२१ मध्ये तो पुरस्कार निवडलेल्या सहाही कलावंतांना मिळून देण्यात आला. २०२२ मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत त्यांचं काम होतं. सास्तीपासून व्हेनिसपर्यंतचा हा प्रवास वृत्तपत्री कौतुकाला सोपा आहे. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे इतकं फिरूनही त्यांच्या चित्रातला डोंगर चंद्रपूरचाच दिसतो.

शेंदूरजनाघाटला अधिक जवळचा शेजार पारडसिंग्याचा आहे. हे पारडसिंगा मध्य प्रदेशातल्या सौंसर भागातलं. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होतं, २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात. राज्य बदललं तरी माती, संत्री, कापूस आणि बोली तीच. नागपूरच्या शिल्पकार श्वेता भट्टड यांनी इथे गावकऱ्यांसोबत ग्राम आर्ट प्रोजेक्ट उभं केलं. बडोद्याला शिकलेली शिल्पकार गावात येते म्हटल्यावर चौकात एखादा पुतळा उभा राहील, असा अंदाज कुणीही बांधला असता. तसं काही झालं नाही. शेत हाच पट धरून तिथे पेरणीतून चित्रं उगवली. ‘मेक इन इंडिया’ची घोषणा गाजत होती, तेव्हा शेतात पंतप्रधानांचा प्रचंड चेहरा उगवला आणि त्यासोबत देशात पिकवण्याकडेही लक्ष द्या अशी विनंती. ते चित्र पाहायला उंचावरून पाहावं लागे. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला ते नुसतं पीक.

त्यांचं अधिक पसरलेलं काम मात्र हातात मावणारं आहे. देशी कापसाचं हातानं कातलेलं सूत आणि त्यात गुंफलेलं बी, अशी राखी. सण झाला की ती मातीत लावायची. आसपासच्या गावांतल्या बाया ती करतात आणि त्यांना तिचा मोबदला मिळतो. देशी कापसाचा मुद्दा इथे शोभेपुरता नाही. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत या भागातून जुनी वाणं जवळपास दिसेनाशी झाली. घरचं बी राखून ठेवायची रीत गेली, दर हंगामात पाकीट विकत घेणं आलं. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं त्याच पाकिटातल्या कापसाची वाताहत केली. या सगळ्यानंतर कुणी घरच्या बियाची राखी बांधत असेल, तर त्या दोऱ्यात एका नुकसानीचा इतिहास आहे. राखी घेणाऱ्या शहरी ग्राहकाला तो ठाऊक असतोच असं नाही. तो ठाऊक नसताना राखी ‘पर्यावरणपूरक भेटवस्तू’ होऊन बसते, हा या कामाचा धोका आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

मेळघाटातल्या लवादा गावात बांबूच्या राख्या होतात. सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी १९९०च्या दशकात तिथे संपूर्ण बांबू केंद्राचं काम सुरू केलं, कोरकू तरुण-तरुणींना बांबूचं काम शिकवलं, आणि घरापासून राखीपर्यंत बऱ्याच गोष्टी त्यातून निघाल्या. २०२१ मध्ये कोरोनानं सुनील देशपांडे गेले. केंद्राचं काम पुढे चालू राहिलं. बांबूच्या कामाला कलादालनाची पायरी सहसा चढू दिली जात नाही, त्याला हस्तव्यवसाय म्हणून बाहेर बसवतात. ज्या प्रदेशात मुंड्याला शिल्पाचा मान मिळायला संग्रहालयात जावं लागलं, तिथे हा भेद किती दिवस पोसायचा ते कलासमीक्षकांनी ठरवावं.

धारूळचा गेरू, मेळघाटचा साग आणि बांबू, सास्तीचा कोळसा, पारडसिंग्याचा कापूस. चित्राचा विषय आणि चित्राचं साहित्य इथे एकाच जागेतून आलं आहे. हे ठरवून काढलेलं घोषणापत्र नव्हतं; जवळ जे होतं ते घेतलं गेलं. पण परिणाम असा झाला, की या कलावंतांना हानीचं वर्णन करत बसावं लागलं नाही. कोळशाची काजळी बोटाला लागते, तेव्हा खाण सांगून झालेली असते. तेलरंगात, कॅनव्हासवर, सोनेरी चौकटीत वाळकं शेत काढणाऱ्याला हे सुख नाही. त्याला सगळं पटवून द्यावं लागतं, म्हणून तो म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी घालतो.

आणि शेंदूरजनाघाट? खरं सांगायचं तर संत्रापट्ट्याचं चित्र अजून निघायचं आहे. भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती भाद्रपदात घरोघर येतात, कोजागिरीला जातात. दारापुढे रांगोळी पडते. पोळ्याला बैलांच्या पाठी आणि शिंगं रंगतात. हातात कला नाही असं कुणी म्हणू नये. पण ज्या कामानं हे गाव ओळखलं जातं, त्या कामाकडे चित्रकाराच्या नजरेनं फार कमी पाहिलं गेलं. जमिनीपासून वीतभर उंचीवर डोळा भरणारा हात, पट्टी गुंडाळून झाल्यावर खुंटांच्या सारख्या अंतरावर गेलेल्या रांगा, ताणावर सोडलेली बाग, डिंक्या लागलेल्या बुंध्याला लावलेला बोर्डो पेस्टचा निळसर लेप, खप नसलेल्या वर्षी बांधावर उपटून टाकलेल्या कलमांचे ढीग, तोडलेल्या बागेतून निघालेल्या संत्र्याच्या फिक्या पिवळ्या लाकडाची थप्पी. यातल्या प्रत्येकात चित्र आहे आणि एकातही रडणारा म्हातारा नाही.

संत्र्याचं लाकूड घट्ट आणि बारीक कणांचं असतं. त्यावर छापासाठी कोरीव काम होऊ शकेल का, त्याच्या फांद्या जाळून रेखाटनाचा कोळसा कसा निघेल, हे कुणीतरी करून पाहायला हवं. अमरावती आणि नागपुरात कलाशिक्षणाची सोय आहे, आणि तिथे या पट्ट्यातली मुलं शिकतात. सुट्टीत घरी आलेल्या अशा एखाद्या मुलानं वडिलांच्या पन्हेरीतच बस्तान मांडावं. विषय शोधत धारावीला किंवा वाराणसीच्या घाटावर जायची त्याला गरज नाही. शिक्षकांनीही स्पर्धेसाठी ‘शेतकऱ्याचं दुःख’ हा विषय देणं काही वर्षं थांबवावं. त्याऐवजी ‘डोळा भरणं’ हा विषय द्यावा आणि मुलांना ते काम आधी स्वतः करायला लावावं.

या वाटेनं फिरायचं तर हिवाळा बरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पन्हेऱ्यांत डोळे भरण्याचं काम चालू असतं, बागा आंबियाच्या तोडीला आणि नंतर ताणावर असतात, आणि सातपुड्यात चालणं सोसतं. धारूळच्या निवाऱ्यांकडे जाणार असाल तर स्थानिक माणूस सोबत घ्या, आणि फोटो उठावदार यावा म्हणून चित्रांवर पाणी शिंपडू नका. पाण्यानं क्षणभर रंग खुलतो, पण दगडातले क्षार वर येतात आणि चित्रावर पांढरा थर धरतो, तो पुन्हा निघत नाही.